पहिल्या विमानाचं इंजिन घडवणारा मिस्त्री

आमच्या दारव्ह्याकडे शेतात वीज उशिरा आली. तोवर विहिरीवर ऑइल इंजिन. ते बिघडलं की मिस्त्री सायकलला पान्यांची पिशवी अडकवून यायचा, हँडल मारून इंजिन सुरू करायचा आणि नुसता ऐकत उभा राहायचा. "इंजन बोलते बाप्पा, कान द्या लागते," एवढंच म्हणायचा. आता आयटीआय झालेली पोरं मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पात, विमानदुरुस्तीचं काम मिळावं म्हणून नागपूर गाठतात. राइट बंधू त्यांना पाठ असतात; चार्ल्स टेलर हे नाव मात्र क्वचितच कुणी ऐकलेलं असतं.

टेलर यांचा जन्म 1868 चा, अमेरिकेतल्या इलिनॉयचा. 1901 पासून ते डेटन गावी राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात कामाला होते. (लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवातही बेळगावातल्या सायकलच्या दुकानातूनच झाली, आणि त्याच घराण्याची इंजिनं पुढे आमच्या विहिरींवर आली.) ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, तर राइट बंधूंना साधलं होतं. पण पुरेसं हलकं इंजिन करून द्यायला एकही कारखाना तयार होईना. शेवटी ते काम टेलर यांच्याकडे आलं. तोवर पेट्रोलच्या इंजिनाला त्यांचा हात एकदाच लागलेला, तोही दुरुस्तीपुरता.

हाताशी एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि हातहत्यारं. नीट नकाशे नव्हतेच. कागदाच्या कपट्यावर एकेका भागाचं चित्र काढायचं आणि ते कामाच्या टेबलावर खिळ्याला टोचून ठेवायचं. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या चालीने गोल फिरणारा इंजिनाचा दांडा, कसा केला, हे लेथवर काम करणाऱ्याने मुद्दाम वाचावं. पोलादाच्या जाड पाटीवर आकार आखला, रेषेलगत भोकामागून भोक पाडलं, छिन्नी-हातोड्याने जास्तीचा भाग उडवला आणि उरलेला तुकडा लेथवर चढवला. या दांड्याभोवतीची पेटी, म्हणजे क्रँककेस, बिडाची केली असती तर वजन वाढलं असतं, म्हणून ती अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं तांबं मिसळून ओतून घेतली. विमानाच्या इंजिनात हा धातू आला तो इथून. पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर नाही, ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नाही. टाकीतून पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरायचं.

सहा आठवड्यांत चार सिलिंडरचं इंजिन उभं राहिलं. फेब्रुवारी 1903 मध्ये चाचणीत क्रँककेस फुटली, तेव्हा ती पुन्हा ओतावी लागली. तयार इंजिन भरलं सुमारे 80 किलो, ताकद 12 अश्वशक्ती. 17 डिसेंबर 1903 ला त्याच इंजिनावर विमान चार वेळा उडालं. शेवटच्या खेपेला ते 59 सेकंद हवेत राहिलं आणि 260 मीटर गेलं.

टेलर यांनाही विमान चालवायला शिकायचं होतं. राइट बंधूंनी शिकवलं नाही. कारखान्यात तुमची गरज आहे, म्हणाले. 1956 मध्ये टेलर गेले, तेव्हा गाठीशी फारसं काही नव्हतं. 24 मे हा त्यांचा जन्मदिवस अमेरिकेत आता विमानांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात.