थंडीच्या दिवसांत फुलीचं भरतकाम : आधी हात गरम, मग सुई

नमस्कार,

दर वर्षी जानेवारीत आमच्या नाशिकच्या दुकानात अर्धवट कामं घेऊन ग्राहक येतात. कुणाचं कापड चुण्या पडून आखडलेलं असतं, कुणाच्या पांढऱ्या दोऱ्याला करडी झाक आलेली असते, कुणाच्या दसुतीच्या कापडावर बोटाएवढा तेलकट डाग असतो. बहुतेक जणी एकच म्हणतात, "आता पूर्वीसारखा हात चालत नाही." आम्ही ते कापड टेबलावर पसरतो. ऑक्टोबरात भरलेला भाग सपाट आणि देखणा असतो, डिसेंबरात भरलेला भाग ओढला गेलेला असतो. हात एकाच बाईचा, नमुनाही एकच. मधे बदललेली असते ती फक्त हवा.

हे माहितीपत्रक त्यासाठीच काढलं आहे. थंडीत बिघडलेल्या कामाचा दोष स्वतःला लावून कुणी सुई खाली ठेवू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

निफाडची थंडी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 5 अंशांच्या खाली गेल्याची बातमी आली की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. पण आपली घरं थंडीसाठी बांधलेली नसतात. फरशी गार, खिडक्यांना फटी, आणि भरतकामाला वेळ मिळतो तो नेमका रात्री जेवणं उरकल्यावर. तेव्हा बोटं गारठलेली असतात.

गारठलेलं बोट काय करतं

बोटं गार पडली की त्यांची जाण बोथट होते. दोरा किती ओढला गेला ते कळत नाही, म्हणून आपण तो जास्तच ओढतो. फुलीच्या टाक्यात दोरा कापडावर नुसता टेकायला हवा, भोक ताणलं जाता कामा नये. ओळभर टाके असे ओढले गेले की कापड आत खेचलं जातं आणि चुण्या पडतात. कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये असताना हे दिसत नाही, रिंग काढली की दिसतं.

म्हणून बसण्याआधी कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं हात धरा आणि ते पूर्ण कोरडे करा. गरम चहाचा पेला हातात धरूनही काम भागतं, फक्त तो कापडापासून लांब ठेवा. दर 20-25 मिनिटांनी सुई खोचून ठेवा आणि मुठी उघड-मीट करा. जुन्या सुती मोज्यांचा पंजा कापून त्यांचे बिनबोटांचे हातमोजे छान होतात. लोकरीचे नकोत. लोकरीचे तंतू पांढऱ्या आयडाच्या, म्हणजे फुलीच्या कामाच्या जाळीदार कापडाच्या, भोकांत अडकतात आणि टाक्याखाली कायमचे राहतात. याच कारणाने मांडीवर शाल किंवा लोकरी ब्लँकेट असेल तर त्यावर एक धुतलेली सुती चादर पसरा.

गारठ्यात फुलीची दिशाही चुकते. वरचा तिरपा टाका सगळ्या कामात एकाच बाजूला झुकलेला हवा, हे तुम्हाला माहीतच आहे. थंडीत लक्ष ढळतं आणि मधेच चार फुल्या उलट्या पडतात. आमचा अनुभव असा, की एका रंगाची पूर्ण ओळ आधी अर्ध्या टाक्यांनी जायची आणि येताना वरचा टाका घालत परतायचं, म्हणजे ही चूक फारशी होत नाही. सुटी फुली जिथे अटळ असेल तिथेच एकेक पुरी करा.

भेगा, तेल आणि पांढरा दोरा

थंडीत बोटांची कातडी खरखरीत होते. सहा पदरी दोऱ्यातून दोन पदर सुटे काढले की ते त्या खरखरीत कातडीत अडकतात, तंतू उभे राहतात आणि फुलीची चकाकी जाते. यावर घरोघरी उपाय असतात : खोबरेल, व्हॅसलीन, ग्लिसरीन, कोकणातल्या घरांत भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. सगळे चांगलेच आहेत, पण ते झोपताना लावायचे. लावून लगेच भरायला बसलात तर तेल कापडात उतरतं. तेव्हा डाग दिसत नाही. काही आठवड्यांनी त्यावर धूळ बसते आणि तो करडा होऊन वर येतो. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं, त्यामुळे हिवाळ्यात बोटावर त्याचा पातळ थर राहतो आणि हात कोरडे झालेत असं वाटतं. सकाळी साबणाने हात धुऊन, नखांच्या कडा पुसून मगच कापडाला हात लावा. बोट फारच उललं असेल तर त्या जागी सुती पट्टी बांधा.

दोरा हातभरच घ्या, म्हणजे सुमारे 45 सेंमी. कोरड्या हवेत लांब दोरा लवकर पिंजतो. दहा-बारा फुल्यांनंतर सुई खाली लोंबकळू द्या, पीळ आपोआप सुटतो. लाकडी रिंग वापरत असाल तर हिवाळ्यात लाकूड सुकून ती ढिली पडलेली जाणवेल. आतल्या कड्याला सुती नाडी गुंडाळली की पकड परत येते. रात्री रिंग काढून ठेवायची सवय मात्र बाराही महिने हवी.

परदेशी असलेल्या लेकी-सुनांसाठी

आमच्याकडून कापड आणि दोरे घेऊन पुष्कळ आया टोरांटो, मिनियापोलिसला जातात. तिथली अडचण वेगळी. घर उबदार, हात उबदार, पण हवा कमालीची कोरडी. उणे 10 अंशांची बाहेरची हवा आत येऊन 21 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 10-12 टक्क्यांच्या आसपास उतरते. स्वयंपाक आणि अंघोळीची वाफ घरात फिरते तेवढीच काय ती भर. अशा हवेत स्थिर वीज तयार होते. दोऱ्याचे पदर एकमेकांपासून फाकतात, स्वेटरला चिकटतात, सुईत ओवले जात नाहीत. दोऱ्याचं टोक ओलसर स्पंजला टेकवून घ्या, पॉलिएस्टरचा स्वेटर काढून सुती कपडा घाला, आणि खोलीत ह्युमिडिफायर असेल तर तो कापडापासून दूर चालू ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नमुन्याच्या चौकटी आखायला हल्ली इस्त्रीने उडणारं पेन मिळतं. इस्त्री फिरवली की रेघा नाहीशा होतात, पण त्या पुसल्या गेलेल्या नसतात. ती शाई उष्णतेने फक्त बिनरंगी होते, आणि उणे 10 अंशांखाली रंग परत येऊ लागतो. इथून पाठवलेली भेट तिथल्या बर्फात रात्रभर दारात पडून राहिली तर पाकीट उघडताना कापडावर सगळी चौकट पुन्हा उमटलेली दिसू शकते. पुन्हा इस्त्री केली की रेघा जातात, पण पुढच्या गारठ्यात परत येतात. भेट थंड देशात जाणार असेल तर हे पेन वापरूच नका.

पाण्याने जाणारं निळं पेन घ्या. पण त्याचीही एक अट आहे. थंडीत गार पाण्यात हात घालायचा कंटाळा येतो म्हणून आधी इस्त्री केलीत, तर ती निळी रेघ पक्की बसते. आधी साध्या गार पाण्याने रेघा पूर्ण घालवायच्या, इस्त्री त्यानंतर. सगळ्यात बिनधोक म्हणजे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने दर दहा भोकांवर धावदोरा घालणं. वेळ जातो, पण शेवटी तो दोरा ओढून काढला की मागे काहीच उरत नाही.

उजेड आणि ऊब

डिसेंबरच्या शेवटी नाशिकला दिवस 11 तासांपेक्षा थोडा लहान असतो, टोरांटोला जेमतेम 9 तासांचा. पिवळ्या दिव्याखाली फिका पिवळा आणि मोतिया रंग सारखेच दिसतात, गडद निळा आणि काळा तर हमखास फसवतात. रंग दिवसा निवडा आणि दोऱ्यांवर नंबराच्या चिठ्ठ्या लावून ठेवा. रात्रीसाठी पांढऱ्या उजेडाचा दिवा घ्या. उजव्या हाताने भरत असाल तर तो डावीकडे ठेवा.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही भरायला बसू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप येतेय असं वाटता वाटता माणूस बेशुद्ध होतो. इलेक्ट्रिक हीटर तीन फुटांवर ठेवा आणि थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शन बोर्डाला नको. पांघरुणात बसून भरत असाल तर सुया मोजून घ्या आणि उठताना पुन्हा मोजा. गोधडीत हरवलेली सुई लहान मुलाच्या अंगाखाली सापडायला नको.

संक्रांतीचं काळं कापड

हिवाळ्यातली आमची सर्वांत जास्त मागणी काळ्या कापडाची. बोरन्हाणाचं काळं झबलं, हळदीकुंकवाच्या वाणासाठी छोटे बटवे, त्यावर पांढऱ्या दोऱ्याने हलव्याच्या दागिन्यांचे नमुने. काळ्यावर भरण्याची आपल्या भागात जुनी आवड आहे. धारवाडकडच्या कसुती भरतकामात फुलीच्या टाक्याला मेंथी म्हणतात आणि काळ्या चंद्रकळेच्या साडीवर कसुती फार खुलते.

काळ्या कापडाची भोकं दिसत नाहीत ही तक्रार सगळ्यांची. मांडीवर पांढरा पंचा पसरा, त्याचा उजेड भोकांतून वर येतो आणि मोजणी सोपी होते. भरायच्या आधी कापड गार पाण्यात धुऊन पाहा. पाणी काळं होत असेल तर ते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. न धुतलेल्या काळ्याचा रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्या दोऱ्यात उतरतो आणि मग त्यावर फारसा उपाय राहत नाही.

तयार झबल्यावर भरायचं तर वेस्ट कॅनव्हास, म्हणजे भोकं मोजण्यापुरती तात्पुरती लावायची जाळी, टाचून घ्या. काम झालं की तो थोडा ओला करून मऊ होऊ द्या आणि चिमट्याने एकेक धागा ओढून काढा. मागच्या बाजूला मलमलचा तुकडा लावा, दोऱ्याच्या गाठी बाळाला टोचतात. झबलं पूर्ण वाळल्याशिवाय बाळाला घालू नका. थंडीत वरून कोरडं लागलं तरी टाक्यांच्या जाडीत ओल राहते. धुतल्यावर पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत आडवं वाळवा आणि जाड टॉवेलवर उलटं ठेवून मागून इस्त्री करा. पाणी कोमटच हवं, गीझरचं कडकडीत नको.

वेळेचा हिशोब आधी करा. 14 काउंटच्या कापडावर एका इंचात 14 फुल्या बसतात. म्हणजे 60 फुल्या रुंद आणि 20 फुल्या उंच अशी पट्टी सव्वाचार इंच गुणिले दीड इंचाच्या आसपास होते. पूर्ण भरली तर 1200 फुल्या. दोन पदरांनी भरल्यास आठ मीटरच्या एका लडीत साधारण 1800 फुल्या निघतात, तेव्हा एक लडी पुरते. नवशिक्या हाताने तासाला 100 फुल्या होतात, थंडीत त्याहून कमी धरा. रोज एक तास दिलात तर दोन आठवडे लागतील. तेव्हा डिसेंबरच्या मध्याला सुरू करा, 1 जानेवारीला नको. आणि उशीर झालाच तर रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येतं.

चुण्या पडलेलं काम उसवू नका, आधी आमच्याकडे आणा. अनेकदा कोमट पाण्यात भिजवून, कापड चौकोनात टाचून वाळवलं की ते बरंचसं सुटतं, तेवढं आम्ही दुकानातच करून देतो. झबल्याची पट्टी हवी असेल तर येताना बाळाच्या छातीचं माप आणा आणि त्यात दोन इंच जास्त धरा, कारण आत स्वेटर असतो.