सार्वजनिक धूम्रपानबंदी : न ओढणाऱ्यांच्या आरोग्यासाठी

सिगारेट ओढणाऱ्या नवऱ्याच्या, स्वतः कधीही न ओढणाऱ्या बायकोलाही फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे जपानचे ताकेशी हिरायामा यांनी १९८१ साली मांडले. तंबाखू उद्योगाने या अभ्यासावर जोरदार टीका केली, पण पुढच्या संशोधनाने त्याला बळच दिले.

आपल्याकडे हा प्रश्न आधी न्यायालयांनी हाती घेतला. केरळ उच्च न्यायालयाने जुलै १९९९ मध्ये सार्वजनिक धूम्रपान बेकायदा ठरवले. मग मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, वाचनालये, कचेऱ्या, बस आणि रेल्वेत बंदीचा आदेश दिला. न ओढणाऱ्याने दुसऱ्याच्या धुराने आजारी का पडावे, हा त्यामागचा साधा सवाल होता. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले धूम्रपानबंदीचे नियम त्यानंतर आले. दंड २०० रुपयांपर्यंत.

बंदीचा उपयोग किती, याचे सर्वांत बोलके उत्तर स्कॉटलंडमध्ये मिळाले. तिथे मार्च २००६ मध्ये पबसह सगळ्या बंदिस्त सार्वजनिक जागा धूरमुक्त झाल्या. आधीच्या आणि नंतरच्या दहा-दहा महिन्यांची तुलना केली, तेव्हा नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणारे रुग्ण १७ टक्क्यांनी घटले होते. या घटीतला सुमारे दोन तृतीयांश वाटा न ओढणाऱ्यांचा होता! धुरामुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती लगेच वाढते आणि धूर थांबला की ती लवकर उतरते, म्हणून हृदयावरचा परिणाम आधी दिसतो. कर्करोगातली घट कळायला दशके जावी लागतात. बाहेर बंदी आली की लोक घरात जास्त ओढतील, ही भीतीही होती. स्कॉटलंडमध्ये मात्र मुलांचे दम्यासाठी रुग्णालयात दाखल होणे कमी झाले.

भारतातले चित्र संमिश्र आहे. राष्ट्रीय पाहणीनुसार २००९-१० ते २०१६-१७ या काळात घरात दुसऱ्याचा धूर सोसणारे प्रौढ ५२ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आले. बंदिस्त कामाच्या ठिकाणी मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासच अडकले. २००३ च्या कायद्याने किमान तीस खोल्यांची हॉटेले, किमान तीस आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळांना दिलेली वेगळ्या धूम्रपानकक्षाची मुभा २००८ च्या नियमांनीही कायम ठेवली. हवा खेळती ठेवून धुराचा धोका पुरता जात नाही, हे २००६ मध्येच अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सरकारच्या सार्वजनिक आरोग्यविषयक प्रमुख प्रवक्त्याच्या) अहवालात स्पष्ट झाले होते. ती मुभा २००८ मध्ये कायम ठेवायला नको होती.