समुद्रातले वरचे शिकारी संपले की काय होतं

शार्क, मोठा कॉड मासा, सी ऑटर असे शिकारी कमी झाले की त्यांचं भक्ष्य बेसुमार वाढतं आणि ते भक्ष्य ज्याच्यावर जगतं त्याचा फडशा पडतो, याला ट्रॉफिक कॅस्केड म्हणतात. म्हणजे एक पायरी खाली गेली की तिच्याखालची वर, तिच्याखालची परत खाली.

सगळ्यात नीट दिसलेलं उदाहरण अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांचं. सी ऑटर म्हणजे समुद्रातलं पाणमांजर, याच्या अंगावर व्हेलसारखा चरबीचा थर नसतो, त्यामुळे थंड पाण्यात टिकायला दाट फर लागते आणि रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग खायलाही लागतं. ती फरच जिवावर उठली. १७४१ नंतर फरच्या व्यापाऱ्यांनी इतकी शिकार केली की १९११ च्या करारात बंदी येईपर्यंत मोजकेच ऑटर उरले होते. पुढे जेम्स एस्टिस आणि जॉन पामिसानो या संशोधकांनी ऑटर असलेली आणि नसलेली बेटं ताडून बघितली, तो पेपर १९७४ चा. ऑटर असलेल्या अ‍ॅमचिट्काभोवती केल्पचं (लांब वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं) पाण्याखालचं जंगल, आणि जिथे ऑटर नाहीत तिथे उघडा खडक आणि त्यावर काटेरी सी अर्चिनच अर्चिन, म्हणजे केल्प खाणारे गोल प्राणी; ऑटर त्यांना खातात, म्हणून ऑटर गेले की ते वाढतात. अर्चिनचं तोंड खालच्या बाजूला असतं, त्यात पाच दात, आणि केल्पची खडकाला धरलेली मुळासारखी पकडच कुरतडली की अख्खं केल्प सुटून वाहून जातं, पानं खायचीसुद्धा गरज नाही.

रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञांनी १९६३ पासून अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर एका खडकावरचे शिंपले खाणारे तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली, तर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि खडकावरच्या १५ जातींच्या ८ झाल्या. तारामासा काही समुद्राचा राजा नव्हे, पण त्या खडकापुरता तोच.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला कॉड इतका उपसला की १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, मग कोळंबी आणि स्नो क्रॅब नावाचे खेकडे वाढले. यात पाणी थंड झाल्याचाही हात होता, सगळं खापर एकाच कारणावर फोडता येत नाही. शार्क कमी झाले म्हणून रे मासे वाढले आणि त्यांनी स्कॅलप नावाचे शिंपले संपवले ही २००७ ची थिअरी खूप गाजली, पण २०१६ मध्ये तिच्यावर जोरदार आक्षेप आले, त्यामुळे ‘शार्क गेले की सगळं कोसळतं’ असं सरसकट ठोकून देऊ नये.

शिकारी परत आणला की गाडी आपोआप रुळावर येते असंही नाही. केल्प संपलं तरी अर्चिन मरत नाहीत, उपाशीपोटी वर्षानुवर्षं तसेच खडकावर बसून राहतात. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मध्ये दिसलं की ऑटर उरलेल्या केल्पमधले भरलेले अर्चिन शोधून खातात, उजाड खडकावरचे आतून रिकामे, त्यांच्या वाटेला ते जात नाहीत.