लोकगीताला सायकेडेलिक आणि इलेक्ट्रॉनिक साज चढवताना : ग्राहकांसाठी माहिती

पारंपरिक गीतांचे ध्वनिमुद्रण आमच्या स्टुडिओत आणणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: मूळ गाणे ओळखू येईल ना? येते, मात्र त्यासाठी यंत्राला गायकाच्या मागून चालवावे लागते.

लोकगीत आणि सायकेडेलिक (स्वप्नवत, भ्रमल्यासारखा भास देणाऱ्या) संगीताचा हा मेळ नवा नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत तुर्कस्तानात एर्किन कोराय यांच्यासारख्या कलावंतांनी इलेक्ट्रिक बगलामा (लांब मानेचे तंतुवाद्य) हाती घेतला, तर पेरूमध्ये कुंबिया या लॅटिन अमेरिकन नृत्यसंगीताच्या ठेक्यावर फझ (आवाज खरखरीत करणारा परिणाम) आणि वाह-वाह (आवाज उघड-मिट झाल्यासारखा करणारा परिणाम) लावलेली गिटार वाजू लागली.

सर्वांत जास्त वेळ लयीवर जातो. लोकगायक रंगात आला की लय आपोआप चढते आणि ती चढण सपाट करून क्लिकवर (एकसारख्या अंतराने वाजणाऱ्या टिकटिकीवर) बसवली, तर गाण्यातला जोरच निघून जातो. म्हणून आम्ही तालवाद्याचा ठोका न् ठोका नोंदवून लयीचा नकाशा तयार करतो आणि ड्रम मशीन व सिंथेसायझर त्याबरहुकूम चालवतो. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची असते. लय १०८ वर गेली की ती सुमारे ५५६ वर येते. डिले (आवाज ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवणारा परिणाम) ६०० वरच राहिला, तर पहिला प्रतिध्वनी सुमारे ४४ आणि दुसरा सुमारे ८९ मिलिसेकंद उशिरा पडतो आणि उत्तम वादकही अडखळल्यासारखा वाटतो.

सुरांबाबत आमचे मत ठाम आहे. सिंथेसायझरचे सप्तक सहसा १०० सेंटच्या (सेंट म्हणजे स्वरांतर मोजण्याचे एकक) १२ समान भागांत विभागलेले असते, परंतु लोकगायकाचा एखादा स्वर दोन पट्ट्यांच्या मधोमधही लागतो. तो 'दुरुस्त' करण्याऐवजी आम्ही सिंथेसायझर गायकाच्या षड्जाला जुळवतो आणि गाण्याखाली भरगच्च कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) न रचता षड्ज-पंचमाचा आधार ठेवतो. (आवाज यंत्राने सुरात आणणाऱ्या ऑटो-ट्यूनची मागणी आम्ही नम्रपणे नाकारतो.) फझमुळे जादा स्वरांश निर्माण होऊन शब्द अस्पष्ट होतात, त्यामुळे तो आवाजावर न लावता वाद्याच्या ट्रॅकच्या प्रतीवर लावला जातो.

ध्वनिमुद्रण देताना प्रत्येक आवाजाचा व वाद्याचा वेगळा ट्रॅक २४ बिट वेव्ह (WAV) फाइलच्या स्वरूपात, रिव्हर्ब (घुमारा) न लावता द्यावा, कारण मुद्रणात मिसळलेला रिव्हर्ब नंतर स्वच्छपणे काढता येत नाही. गीताचा कर्ता अज्ञात असला तरी ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची लेखी संमती काम सुरू होण्यापूर्वी जोडणे आवश्यक आहे.