धुराचं रेशनकार्ड

१९९२ मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाने, कार्बनवर कर बसवायचा प्रस्ताव मांडला आणि तो बारगळला. युरोपीय संघात कराचा कायदा करायचा तर प्रत्येक सदस्य देशाचा होकार लागतो. एक जरी हटून बसला की गाडं अडलं. पर्यावरणाच्या कायद्याला मात्र विशेष बहुमत पुरतं. म्हणून कर बाजूला ठेवून धूर सोडण्याच्या परवान्यांचा बाजार मांडला गेला. गंमत अशी, की हवामान बदलावरच्या १९९७ च्या क्योटो वाटाघाटींत हाच बाजार अमेरिकेने लावून धरला होता, तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांत युरोप पुढे होता.

२००५ मध्ये हा बाजार सुरू झाला. वीजकेंद्र असो की पोलादाचा कारखाना, एक टन कार्बन डायऑक्साइड सोडायचा तर एक परवाना हवा. वर्षभराच्या धुराचा हिशेब तपासून तितके परवाने जमा करायचे. कमी पडले तर दंड, आणि राहिलेले परवाने तरीही भरावेच लागतात. ज्याला धूर कमी करणं स्वस्तात जमतं तो उरलेले परवाने विकतो, ज्याला जमत नाही तो ते घेतो. कोण किती धूर सोडतो हे बाजार ठरवतो; एकूण किती सुटेल, हे सरकार.

पण पहिल्या तीन वर्षांत परवाने वाटायचं काम देशोदेशीच्या सरकारांकडे होतं, आणि घरच्या कारखान्यांना झुकतं माप द्यायला कोण कचरतं? बहुतेक परवाने फुकट वाटले गेले. २००६ मध्ये प्रत्यक्ष आकडे आले तेव्हा कळलं, की धुरापेक्षा परवानेच जास्त! या तीन वर्षांचे परवाने योजनेच्या पुढच्या टप्प्यात वापरता येणार नव्हते, त्यामुळे २००७ अखेरीस भाव जवळपास शून्यावर आला. दरम्यान काही वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांची किंमत गिऱ्हाइकांच्या बिलात लावून घेतली, ते वेगळंच. पुढे मंदी आली, कारखाने थंडावले आणि २०१३ पर्यंत सुमारे दोन अब्ज परवाने पडून राहिले.

भाव वर चढला तो परवाने आटवल्यावर. २०१९ पासून जास्तीचे परवाने बाजारातून काढून राखीव साठ्यात टाकले जाऊ लागले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये एका टनाचा भाव १०० युरोंवर गेला. त्या वर्षी या योजनेतल्या वीजकेंद्रांचं आणि कारखान्यांचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत सुमारे ४७ टक्क्यांनी कमी होतं. सगळं श्रेय अर्थातच बाजाराचं नाही. पवन आणि सौर ऊर्जेला दिलेल्या अनुदानांचा वाटा मोठा आहे.

आता हा हिशेब युरोपच्या सीमेवर आला आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथे जाणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि खतांनाही कार्बनचा भाव लागू झाला. तो भरायचा आयातदाराने, पण घासाघीस होणार ती विकणाऱ्याशी. आपलं पोलाद मुख्यतः कोळशावर बनतं, म्हणून भारताने या नियमाला कडाडून विरोध केला. मात्र मायदेशी कार्बनची किंमत मोजली असेल तर तेवढी वजावट मिळते. भारताने २०२३ मध्ये स्वतःची कार्बन बाजार योजना जाहीर केली, ती या वजावटीसाठी ग्राह्य धरली जावी यावर इथल्या पोलाद उद्योगाचं लक्ष आहे.