बाजारधक्का : कच्च्या मालाची निर्यात आणि खान्देशचा कापूस

बाजारधक्का : जागतिक मागणी, पुरवठा किंवा व्यापारधोरण अचानक पालटल्यामुळे कच्चा माल विकून जगणाऱ्या अर्थव्यवस्थेला बसणारा हिसका. झांबियाला तो तांब्यातून बसतो, नायजेरियाला खनिज तेलातून. भाव पडला की चलन घसरते, आयात महागते, कर्जाचे हप्ते थकतात. चिलीने तांब्याच्या तेजीतला पैसा राखून ठेवण्यासाठी २००७ मध्ये स्थिरीकरण निधी उभारला. जळगाव, धुळे, नंदुरबार या खान्देशी जिल्ह्यांकडे ना स्वतःचे चलन, ना असा निधी. इथे हिसका थेट कृषी केंद्राच्या उधारीत उतरतो.

खान्देशाला पहिला मोठा धक्का अमेरिकेतून बसला. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. भाव कित्येक पटींनी चढले; त्याच दशकात आलेल्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने खान्देशचा माल मुंबई बंदराशी जोडला. १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. मुंबईच्या सट्टेबाजांची कहाणी पुष्कळ लिहिली गेली आहे. तेजीच्या भरवशावर सावकाराकडून उचल घेणाऱ्या कुणब्याची फारशी नाही.

आज कापसाचा जागतिक भाव गावात येतो तो रुई (बी काढलेला कापूस) आणि सरकी (कापसाचे बी) अशा दोन वाटांनी. एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतांश सरकी. रुईची खंडी ३५६ किलोची. तिचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्याकडे आणि डॉलरकडे पाहून हलतो, तर सरकीचा तेल-ढेपेच्या बाजारावर. जिनिंगवाला दोन्हींची बेरीज करून, घट आणि खर्च वजा जाता खेडा खरेदीचा, म्हणजे गावातच होणाऱ्या खरेदीचा, भाव काढतो. गणेश चतुर्थीला काही ठिकाणी मुहूर्ताचा चढा भाव फुटतो. त्यावरून हंगामाचा अंदाज बांधू नये.

तेजीतही शेतकऱ्याच्या पदरी सगळे पडतेच असे नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्कला रुईचा भाव वजनी पौंडाला दोन डॉलरपलीकडे गेला. मार्च २०१२ मध्ये केंद्राने निर्यात रोखली. २०२२ मध्ये खंडी एक लाख रुपयांकडे चढू लागली, तेव्हा एप्रिलमध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हाही गिरण्यांना दिलासा म्हणून कापसाचे आयातशुल्क माफ झाले. म्हणजे तेजी असो वा निर्यातीचा पेच, बांध फुटतो तो कापूस पिकवणाऱ्याच्याच बाजूने.

२०२२ च्या उन्हाळ्यात क्विंटलला दहा हजारांवर भाव गेला, तोवर बहुतेकांचा कापूस विकून झाला होता. म्हणून पुढच्या हंगामात अनेकांनी तो घरातच रोखून धरला. वजन घटत गेले आणि भाव सात हजारांच्या आसपास उतरला. मध्यम धाग्याचा त्या वर्षीचा हमीभाव ६,०८० रुपये होता. बाजार त्याच्या वरच असल्याने सरकारी खरेदी जवळपास झालीच नाही.