लांब हौदा म्हणजे जास्त माल नव्हे

पिकअप घेताना नाशिक परिसरात आजही ऐकू येणारा समज असा की, हौदा जितका लांब तितका माल जास्त. हा समज चुकीचा आहे. गाडीने किती वजन न्यावे हे हौद्याची लांबी ठरवत नाही. आरसी बुकात नोंदलेल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती वहनक्षमता, आणि चालकासह माणसांचे वजनही तिच्यातच धरायचे असते. लांब हौदा किंवा मोठी केबिन यांनी रिकाम्या गाडीचेच वजन वाढते. एकूण वजनाची मर्यादा तीच असेल, तर माल उलट कमी न्यावा लागतो.

टोमॅटोचे वीस किलोचे साठ क्रेट म्हणजे बाराशे किलो. पिंपळगावच्या बाजारात निघालेल्या गाडीत जागा उरली म्हणून आणखी दहा क्रेट चढवले, तर दोनशे किलो वाढतात, आणि ते मागच्या चाकांच्याही मागे आले की पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतात, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंगची पकड सुटते. कसारा घाटात हे जिवावर बेतू शकते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातला जादा वजनाचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो.

डबल कॅबचे, म्हणजे आसनांच्या दोन ओळी असलेल्या केबिनच्या पिकअपचे, गणित वेगळे आहे. पाच माणसे बसतात, पण हौदा साधारण पाच फुटांवर येतो. मजूर आणि औषधफवारणीचे सामान बागेत नेणाऱ्या द्राक्ष बागायतदाराला ती सोयीची; रोज कांदा वाहणाऱ्याने मात्र, माझ्या मते, सिंगल कॅबच घ्यावी.